पाणी तोडल्यावर फुलणारी मोसंबी

डिसेंबर लागला की जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांत मोसंबीच्या बागांमध्ये जे चालते, ते नवख्या माणसाला कोड्यात टाकणारे असते. पावसाळा नुकताच सरलेला असतो, विहिरीला पाणी असते, शेततळे भरलेले असते आणि तरीही ठिबकचा व्हॉल्व्ह बंद असतो. शेतकऱ्याने तो मुद्दाम बंद केलेला असतो. काही दिवसांत पानांची चकाकी जाते, ती मलूल होतात, कडांनी आत वळतात. मग पिवळी पडून गळू लागतात. शेतकरी रोज बागेत फेरी मारतो, फांदी खाली ओढून पान बोटांत धरून पाहतो आणि पाणी न देताच परततो. असे आठवड्यांमागून आठवडे जातात. जानेवारीत एक दिवस तो पाणी सोडतो आणि थोड्याच दिवसांत अर्धीमुर्धी उघडी पडलेली ती बाग पांढऱ्या कळ्यांनी लगडून जाते.

याला ‘बाग ताणावर सोडणे’ म्हणतात. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि त्यातही अनेकदा हुलकावणी सोसणाऱ्या या जिल्ह्याने एका सदाहरित, पाणी पिणाऱ्या फळझाडाला आपले केले. इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. बदनापूरला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे. पाणी आणि खताच्या नियोजनाचा विषय निघाला की आपण ‘किती द्यायचे’ असे विचारतो. मोसंबीवाला त्याआधी ‘कधी थांबवायचे’ हे विचारतो. त्याच्या या प्रश्नामागे वनस्पतिशास्त्रातले एक थक्क करणारे प्रकरण दडलेले आहे.

बहार धरायचा म्हणजे काय

मोसंबी हा मुळातच एक संकर. पपनस आणि मँडरिन संत्री यांच्या संकरांतून गोड संत्र्याचा हा गट जन्मला, हे जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. लिंबूवर्गीय झाडांचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, म्यानमार आणि युनान या टापूत असल्याचे २०१८ साली ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्या पूर्वजांकडून मोसंबीला एक स्वभाव मिळाला आहे. तिला आंब्यासारखा ठरलेला एकच हंगाम नाही. हवामान साथ देईल तेव्हा ती फुलू शकते.

म्हणूनच महाराष्ट्रात तिचे तीन बहार सांगतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, जून-जुलैत मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्त बहार. झाडाला मोकळे सोडले तर ते तिन्ही वेळा थोडे थोडे फुलते. एकाच फांदीवर कळी, गोटीएवढे फळ आणि पिकलेले फळ एकत्र दिसतात. पाहायला हे सुंदर असले तरी व्यवहारात ते परवडत नाही. अशा बागेला कोणत्या दिवशी किती पाणी द्यावे, फवारणी कधी करावी, तोडणी कधी करावी, काहीच ठरवता येत नाही, आणि झाडाची ताकद तीन ठिकाणी वाटली जाऊन एकही बहार धड येत नाही. म्हणून शेतकरी एक बहार निवडतो आणि झाडाची सारी शक्ती त्या एका फुलोऱ्यावर लावतो. झाडाला बोलून सांगता येत नाही, तेव्हा तो त्याच्याशी पाण्याच्या भाषेत बोलतो.

बहाराची निवड हाच पाण्याच्या नियोजनातला पहिला निर्णय. आंबे बहाराची फळे ऐन एप्रिल-मेमध्ये झाडावर पोसत असतात, म्हणजे विहिरी तळाला जातात नेमके तेव्हाच या बागेला सर्वात जास्त पाणी लागते. पूर्ण वाढलेल्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला शंभरेक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागू शकते. मृग बहाराचे गणित उलटे आहे. त्याचा ताण उन्हाळ्यातच बसतो, जूनचा पाऊस तो तोडतो आणि फळे हिवाळाभर पोसून फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीला येतात. पाण्याच्या तुटवड्याचे दिवस आणि झाडाच्या उपासाचे दिवस एकत्र आणण्याची ही युक्ती आहे. मात्र वळवाचा एखादा मोठा पाऊस मे महिन्यातच कोसळला तर ताण अर्ध्यात मोडतो. तशी धास्ती आंबे बहारालाही असते, तिथे डिसेंबरची अवकाळी घात करते.

तहानलेल्या झाडाच्या आत

आता खरे नवल. पाणी तोडल्यावर झाड फुलायचे ठरवते तरी कसे?

माती कोरडी पडू लागली की मुळे आणि पाने अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढवतात. त्याच्या सांगण्यावरून पानांची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, मिटू लागतात. पण त्याही आधी झाडाची वाढ थांबते. नवी पेशी मोठी होते ती आतल्या पाण्याच्या दाबाने, आणि हा दाब किंचित घटला तरी शेंडा थबकतो. प्रकाशसंश्लेषण मात्र लगेच बंद पडत नाही. म्हणजे काही काळ अशी स्थिती येते की पाने साखर बनवत असतात आणि ती खर्च करणारी नवती निघतच नसते. ही शिल्लक पिष्टाच्या रूपाने पानांत, फांद्यांत आणि मुळांत साठत जाते. बाहेरून झाड खंगल्यासारखे दिसते, आत मात्र येणाऱ्या फुलोऱ्याची शिदोरी बांधली जात असते.

फक्त शिदोरीने फूल येत नाही, आज्ञाही लागते. ती देणारे जनुक आता माहीत आहे. सपुष्प वनस्पतींत ‘एफटी’ नावाचे प्रथिन पानांत तयार होते, रसवाहिन्यांतून प्रवास करून डोळ्यापर्यंत पोचते आणि तिथल्या पेशींना पान न बनवता फूल बनवायला लावते. लिंबूवर्गीय झाडांत या प्रथिनाचे जनुक दोन गोष्टींनी जागे होते, थंडीने आणि पाण्याच्या तुटवड्याने. फ्लोरिडात स्टीफन साउथविक आणि थॉमस डेव्हनपोर्ट यांनी १९८६ साली ताहिती लिंबावर प्रयोग करून दाखवले की थंडी दिली तरी झाड फुलते आणि उबेत ठेवून नुसती तहान दिली तरीही फुलते. स्पेनच्या व्हॅलेन्सियात हिवाळाच हे काम करतो. जालना उत्तर अक्षांश २० च्या जरासे खाली आहे, इथला हिवाळा सौम्य. नुसत्या थंडीवर विसंबून भरघोस बहार मिळेलच याची खात्री नाही. म्हणून शेतकरी त्या थंडीला ताणाची जोड देतो. आंबे बहारात डिसेंबरची गार रात्र आणि कोरडी माती, दोन्ही संदेश एकाच वेळी झाडाला मिळतात.

‘एफटी’ चे जनुक सापडण्याच्या कितीतरी आधीपासून शेतकरी ही कळ दाबत आले आहेत. दूर सिसिली बेटावरचे लिंबू उत्पादकही हेच करतात. ते ऐन उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात, मग भरपूर पाणी देतात आणि त्या फुलोऱ्यापासून पुढच्या उन्हाळ्यात, भाव चढे असताना, हिरवी लिंबे विकतात. एकाच झाडाचा स्वभाव ओळखून दोन दूरच्या प्रदेशांतले शेतकरी एकाच उपायापाशी आले.

काळ्या मातीचे दिवस

ताण किती दिवस द्यायचा, याचे उत्तर झाडापेक्षा जास्त मातीकडे असते. हलक्या, मुरमाड जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो. मध्यम जमिनीत दीड महिना लागतो आणि भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत थांबावे लागते.

मराठवाड्याची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकातून तयार झाली आहे. तिच्यातली चिकणमाती पातळ पदरांची असून पदरांच्या मध्ये पाणी शिरले की ती फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. मातीत पाणी असणे आणि ते झाडाला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माती सुकत जाते तसे उरलेले पाणी कणांना अधिकाधिक घट्ट धरून बसते. बहुतेक पिकांची मुळे साधारण १५ वातावरणांइतक्या ताकदीने धरलेले पाणी ओढू शकतात, त्यापलीकडे सुकणेच. भारी माती त्या टोकापर्यंत पोचायला खूप दिवस लावते, कारण तिच्याजवळचा साठा मोठा आणि ती तो सोडते हळूहळू. शिवाय मोसंबीची खाणारी बारीक मुळे वरच्या थरात असली तरी काही मुळे खोल ओलीपर्यंत जातात.

म्हणून अनुभवी शेतकरी दिवस मोजत असला तरी निर्णय पानावर घेतो. साधारण एक-चतुर्थांश पाने पिवळी पडून गळाली की ताण बसला असे समजतात. त्याआधी पाणी दिले तर कळीऐवजी पालवी निघते. त्यानंतरही ओढत राहिले तर फांद्या वाळतात आणि झाडाचा जीव खालावतो. भारी जमिनीत ताण नीट बसत नसेल तर सायकोसीलसारख्या वाढरोधकाची फवारणी तज्ज्ञांच्या सल्ल्याने करतात. हे रसायन झाडातले जिबरेलिन घटवते, आणि लिंबूवर्गीय झाडात जिबरेलिन फुलोऱ्याच्या आड येते.

ताणाचे दिवस रिकामे नसतात. बागेत हलकी वखरणी होते, वाळलेल्या फांद्या म्हणजे सल काढतात, सरळसोट वाढून नुसते खाणारे पानसोट छाटतात आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. फळे झाडावर असताना ताण द्यायचा नाही, हाही नियम आहे. लटकलेले फळ पुढच्या फुलोऱ्याला अडवून धरते. आधीची तोडणी पूर्ण करून झाडाला विसावा द्यायचा, मगच पाणी तोडायचे.

आंबवणी आणि चिंबवणी

ताण देण्यापेक्षा तोडणे अवघड आहे. इतके दिवस तहानलेल्या बागेला पोटभर पाणी द्यावे असे कोणालाही वाटेल. पण जुनी रीत सांगते की पहिले पाणी हलके द्यायचे, ती आंबवणी. तीन-चार दिवसांनी त्याहून थोडे अधिक, ती चिंबवणी. त्यानंतरच पाळ्या हळूहळू वाढवत नेहमीच्या मात्रेवर यायचे.

या सबुरीला १९९२ साली एक सुंदर आधार मिळाला. व्हॅलेन्सियातले दानिएल तुदेला आणि एदुआर्दो प्रिमो-मियो यांनी मँडरिनच्या रोपांवर प्रयोग केले. कोरडी पडत चाललेली मुळे एसीसी नावाचा पदार्थ साठवत होती. हा इथिलीन वायूचा कच्चा माल, आणि इथिलीन म्हणजे पान गळण्याचा हुकूम. रोप तहानलेले असेपर्यंत हा माल मुळांतच पडून होता. पाणी मिळताच तो वर चढला, पानांत त्याचे इथिलीन झाले आणि पाने गळाली. म्हणजे पाने झडतात ती केवळ तहानेने नव्हे, तहान भागण्याच्या क्षणीही झडतात. पाणी सोडल्यावर उरलेली पिवळी पाने भराभरा खाली येतात, हे दृश्य मोसंबीवाल्याला ओळखीचे आहे. अशा झाडाला पाणी दमाने द्यायचे, हा शहाणपणा आंबवणी-चिंबवणीत आहे.

पाणी द्यायची जागाही महत्त्वाची. ओल बुंध्याला भिडली की डिंक्या रोग करणारी फायटोप्थोरा बुरशी साल कुजवते. म्हणून आळे पद्धतीत खोडाभोवती एक छोटे कोरडे आळे आणि त्याबाहेर पाण्याचे मोठे आळे, अशी दुहेरी आळी करतात. ठिबक असेल तर ड्रिपर खोडापासून दूर, फांद्यांच्या सावलीच्या कडेकडेने ठेवतात. पाणी पिणारी बारीक मुळे तिथेच असतात.

खताचे वेळापत्रक

पाण्याच्या पाठोपाठ खत येते, आणि त्याचेही तत्त्व तेच आहे. पूर्ण वाढलेल्या झाडाला शेणखत, निंबोळी पेंड आणि त्यासोबत वर्षाला ८०० ग्रॅमच्या आसपास नत्र देण्याची शिफारस आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते, त्या हिशेबाने हे झाडामागे सुमारे पावणेदोन किलो युरिया झाले. वीस बाय वीस फुटांवरच्या बागेत एकरी ११० झाडे धरली तर ४५ किलोच्या सव्वाचार गोण्या. पण या गोण्या एकदम रित्या करायच्या नसतात. ताण तोडताना स्फुरद आणि पालाश पूर्ण, नत्र मात्र निम्मेच. उरलेले निम्मे सुमारे दीड महिन्याने, फळ धरल्यावर. आणि पुढचा ताण जवळ आला की नत्र बंद. ताणाच्या तोंडावर दिलेले नत्र झाडाला पालवीकडे ओढते, आणि कोवळ्या पालवीवर सायला किडी आणि पाने पोखरणारी अळी तुटून पडतात.

जालन्याच्या चुनखडीयुक्त जमिनीत आणखी एक दक्षता हवी. अल्कधर्मी मातीवर युरिया नुसता फेकला तर त्याचा अमोनिया होऊन तो हवेत उडतो. खत मातीत मिसळून वर पाणी द्यावे लागते. याच चुनखडीमुळे जस्त आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत, शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे दिसू लागते. तेव्हा ही अन्नद्रव्ये पानांवाटे द्यावी लागतात.

खत दिले की लगेच फुले भरतात, असे आपण समजतो. स्पेनमध्ये नत्राचा जड समस्थानिक वापरून, म्हणजे खतातल्या नत्रावर खूण करून, त्याचा माग काढला गेला. वसंतातल्या फुलांत आणि नव्या पानांत गेलेले बरेचसे नत्र त्या वेळी दिलेल्या खतातले नव्हते, झाडाने आधीच्या हंगामात जुन्या पानांत, फांद्यांत आणि मुळांत साठवून ठेवलेले होते. म्हणजे या वर्षी नीट दिलेले खत पुढच्या वर्षीच्या बहाराची पुंजी असते. म्हणूनच फाजील ताण देऊन सगळी पाने झडू दिली तर पाण्यासोबत साठवलेले अन्नही जाते. कॅलिफोर्नियातल्या कॅरल लोव्हॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले की थंडी किंवा तहानेच्या ताणात पानांतला अमोनिया वाढतो आणि या बदलाचा फुलोऱ्याशी संबंध आहे. पाण्याचा आणि नत्राचा हिशेब झाड एकाच वहीत मांडते.

नत्र हात राखून देण्याचा हा धडा फक्त मोसंबीचा नाही. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने आहेत. बिअरचे माल्ट बनते ते सातूपासून, म्हणजे बार्लीपासून. आपल्या देशात माल्टचा सातू मुख्यतः राजस्थान, हरियाणा आणि पंजाबात पिकतो. माल्ट करणाऱ्याला दाण्यात प्रथिने साधारण ९ ते ११ टक्केच हवी असतात. शेतकऱ्याने नत्र जास्त किंवा उशिरा दिले की प्रथिने वाढतात, पिष्ट घटते, माल्टमधून उतारा कमी मिळतो, बिअर गढूळ होते आणि माल नाकारला जातो. तिथेही पेरणीनंतर महिनाभराने दिलेले एक पाणी सर्वात मोलाचे ठरते. इतक्या वेगळ्या दोन पिकांत शेतकऱ्याची कसोटी एकच लागते, ती म्हणजे वेळ साधण्याची.

दोन लाख फुले, चारशे फळे

कळ्यांनी लगडलेली बाग पाहून हरखून जाऊ नये, असे जाणते सांगतात. कॅलिफोर्नियात नेव्हल संत्र्याच्या एका झाडाची फुले मोजली गेली तेव्हा ती सुमारे दोन लाख भरली, आणि त्यांतून पिकून हाती आलेली फळे साधारण चारशे. हजारात दोन. बाकीची फुले आणि मोहरीएवढी, वाटाण्याएवढी फळे झाड स्वतःच गाळते. आपल्या शिल्लक अन्नात किती फळे पोसतील याचा अंदाज घेऊन ते उरलेली सोडून देते.

ही गळ अपरिहार्य असते. आपल्या चुकीने होणारी गळ मात्र टाळता येते. फळ धरल्यानंतर पाणी एकदा तुंबवायचे आणि मग दहा दिवस विसरायचे, असे केले की तेच इथिलीन पुन्हा जागे होते, आणि या वेळी देठ सुटतो तो फळाचा. ताणाच्या काळात धीटपणे पाणी रोखणाऱ्या शेतकऱ्याला आता थोडे पण नियमित पाणी द्यावे लागते. वर्षाच्या एका टोकाला जी तहान फुले देते, तीच तहान दोन महिन्यांनी आली तर फळे नेते.

ताण आणि दुष्काळ

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जागेवर वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे वाचवायला शेतकऱ्यांनी टँकरने पाणी आणून घातले, आणि कित्येकांना शेवटी कुऱ्हाड लावावी लागली. झाडाच्या दृष्टीने ताण आणि दुष्काळ यांची सुरुवात सारखीच होते. तीच मिटलेली पर्णरंध्रे, तीच गळणारी पाने. फरक शेवटात आहे. ताण कधी संपवायचा हे माणूस ठरवतो, कारण त्याच्यामागे पाणी राखलेले असते. दुष्काळात ते राखलेलेच नसते.

जालना तालुक्यातल्या कडवंचीने हे राखणे करून दाखवले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने तिथे पाणलोटाचे काम उभे राहिले, बांधबंदिस्ती झाली, मग शेततळी आली आणि त्यांच्या बळावर द्राक्षबागा. त्याच मोठ्या दुष्काळात हे गाव तग धरून राहिले.

मोसंबी लावू पाहणाऱ्या किंवा यंदा बहार धरणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच एक सांगणे आहे. पाणी तोडण्याआधी विहिरीत आणि शेततळ्यात उतरून मोजा. ताण तोडायला, फुले धरायला आणि फळ पोसायला लागणारे पाणी आजच हाताशी असेल, तरच बाग ताणावर सोडा. नसेल तर त्या वर्षी बहाराचा मोह सोडा, झाडे जगवा, आच्छादन करा, थोडक्या पाण्यावर पाने हिरवी ठेवा. एक बहार गेला तर वर्षाचे नुकसान होते. झाड गेले तर नव्या झाडाला फळ येईपर्यंत पुन्हा चार-पाच वर्षे थांबावे लागते.